काकडी कोणती, ककडी कोणती?

इफ्तारचा दस्तरख्वान मांडताना काकडीच्या चकत्या आणि खरबुजाच्या फोडी एकाच ताटात येतात. एक मीठ-तिखटाची, दुसरी गोडाची, असे आपण धरून चालतो. पण ही दोन्ही एकाच वंशातली भावंडे आहेत, हे फार थोड्या घरांत ठाऊक असते. 'काकडी' म्हणून विकली जाणारी काही फळे मुळात काकडी नसतातच, ती खरबुजाची सख्खी बहीण असतात, हे तर त्याहून थोड्यांना माहीत असते. आणि याच गोतावळ्यात बांधावरची अशीही काही फळे आहेत, की ती लहान मुलांच्या पोटात गेली तर दवाखाना गाठावा लागतो.

म्हणून या महिन्यात आम्ही काकडी-खरबुजाच्या वेलींची ओळख करून देत आहोत. परसात बी लावणाऱ्या, बाजारातून भाजी आणणाऱ्या आणि सुट्टीत पोरांना शेतावर पाठवणाऱ्या प्रत्येक घराला हिचा उपयोग आहे. सांगायची गोष्ट थोडक्यात अशी: नावावर जाऊ नका, फळाच्या रंगरूपावरही जाऊ नका. वेल पाहा आणि चव घेऊन पाहा.

एकाच बाजारात चार बोली

आमचे कोडोली वारणेच्या खोऱ्यात, पन्हाळा तालुक्यात. चोहीकडे ऊस, वर जोतिबाचा डोंगर. पश्चिमेला मलकापूरवरून आंबा घाट उतरला की कोकण लागते. त्यामुळे आमच्याकडे देशावरचे शब्दही चालतात आणि कोकणातून आलेल्या सुना तिकडचे शब्दही घेऊन येतात. घरात उर्दू-दखनी बोलली जाते, तिची नावे आणखी वेगळी. एकाच टोपलीवर चार नावे पडतात आणि खरा गोंधळ तिथूनच सुरू होतो.

आधी काकडी घेऊ. शास्त्रात हिचे नाव 'क्युक्युमिस सटायव्हस'. बाजारातली हिरवी किंवा पांढुरकी गावठी काकडी ती हीच. कोकणातले तवसे हेसुद्धा तिचेच मोठे रूप. पावसाळ्याच्या अखेरीस एकेक तवसे किलो-किलोचे भरते, ते आढ्याला टांगून ठेवतात आणि किसून गूळ-रव्यात घालून धोंडस करतात. उर्दूत जो खीरा, तोही हाच.

आता खरबूज. शास्त्रात 'क्युक्युमिस मेलो'. वंश तोच, क्युक्युमिस, पण जात वेगळी. या एका जातीत इतकी रूपे आहेत की पाहणाऱ्याचा विश्वास बसू नये. उन्हाळ्यात नदीकाठच्या वाळूत पिकणारे गोड, सुवासिक खरबूज यातलेच. कोकणात पावसाळ्यात होणारा चिबूडही यातलाच. तो पिकला की तडकतो, आतला गर पिठूळ असतो आणि गोडी कमी असल्याने गूळ किंवा साखर लावून खातात. उत्तरेत त्याच्याच भाऊबंदाला 'फूट' म्हणतात, कारण तो फुटतो. विल्यम रॉक्सबर्ग या स्कॉटिश वनस्पतिशास्त्रज्ञाच्या १८३२ सालच्या ग्रंथात या फुटीला स्वतंत्र जात म्हणून नाव दिलेले आहे. पुढे ती खरबुजातच धरली गेली.

'वाळूक' हे नाव सर्वांत फसवे. काही गावांत ते काकडीला लावतात, काही गावांत चिबडासारख्या फळाला. शेजारच्या गावात 'वाळकाचे बी द्या' म्हटले तर हाती काय येईल याचा नेम नाही.

आणि बांधावरचे शेंदाड. लिंबाएवढे किंवा अंड्याएवढे, हिरव्या अंगावर पांढुरके पट्टे, पिकले की पिवळे-केशरी. हे रानातले खरबूज. कोवळे असताना कडू, पिकल्यावर आंबटगोड आणि हाताला मऊ. मराठीत भित्र्या माणसाला 'शेंदाड शिपाई' म्हणतात, तो शब्द ऐकला नाही असे घर नसेल. पण ज्या फळाचे नाव त्या शब्दात आहे, ते फळ आता किती पोरांनी पाहिले आहे?

कुरआनातील 'किस्सा' आणि आपली काकडी

नावांच्या या गोंधळाचा एक धागा थेट आपल्या घरातल्या तर्जुम्यापर्यंत जातो.

सूरह अल-बकराच्या ६१व्या आयतीत बनी इस्राईलने जमिनीतून उगवणाऱ्या ज्या अन्नाची मागणी केली, त्यात मसूर आणि कांद्याबरोबर 'किस्सा' हा अरबी शब्द येतो. प्रेषित मुहम्मद (स.) ताज्या खजुराबरोबर किस्सा खात असल्याचे हजरत अब्दुल्लाह बिन जाफर (रजि.) यांनी पाहिले, ही हदीस बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. बऱ्याच उर्दू तर्जुम्यांत या शब्दासाठी 'ककडी' असा शब्द वापरला आहे. आपण मराठी वाचणारी माणसे 'ककडी' वाचतो आणि मनात आपली काकडी आणतो.

पण उर्दूत खीरा आणि ककडी हे दोन वेगळे जिन्नस आहेत. खीरा म्हणजे आपली काकडी. ककडी म्हणजे ती लांबच लांब, बारीक, वाकडीतिकडी, फिकट हिरवी, अंगावर उभ्या रेघा असलेली, उन्हाळ्यात उत्तर भारतातल्या रस्त्यांवर मीठ लावून विकतात ती. आपल्याकडे तिला तरकाकडी म्हणतात. आणि ही ककडी शास्त्राने काकडी नाहीच. ती खरबूज आहे. कोवळेपणी तोडतात म्हणून काकडीसारखी लागते. वेलीवर राहू दिली तर पिवळी पडते आणि तिला खरबुजाचा वास येतो.

अरबीतही हा भेद पूर्वीपासून आहे. किस्सा वेगळी आणि 'खियार' वेगळा. मलागा येथे जन्मलेल्या आणि १२४८ साली दमास्कसला वारलेल्या इब्न अल-बैतार या वनौषधितज्ज्ञाच्या कोशातही खियार आणि किस्सा यांच्या नोंदी वेगवेगळ्या आहेत. आज आखातात नोकरीला असलेली आपली मुले दुकानातून 'खियार' आणतात, ती काकडी. काकडी-खरबुजाच्या इतिहासावर काम करणाऱ्या अभ्यासकांनी जुने अरबी, हिब्रू, ग्रीक उल्लेख आणि चित्रे ताडून पाहिली, तेव्हा किस्सा म्हणजे ही लांब, लवदार ककडीच, असे त्यांचे म्हणणे पडले. काकडी मूळची हिंदुस्थानाकडची. ती पश्चिमेकडे बरीच उशिरा गेली.

म्हणजे तर्जुमा करणाऱ्या उलेमांनी शब्द नेमका निवडला होता. गफलत झाली ती उर्दूतला शब्द मराठी कानाने ऐकताना.

असाच घोटाळा 'कद्दू' शब्दाचा होतो. हजरत अनस (रजि.) यांच्या हदीसमध्ये प्रेषितांना (स.) आवडणाऱ्या ज्या 'दुब्बा'चा उल्लेख आहे, त्याचा तर्जुमा कद्दू असा होतो आणि आपण लाल भोपळा समजतो. लाल भोपळा मूळचा अमेरिका खंडातला. कोलंबसाच्या १४९२ सालच्या सफरीनंतरच तो आपल्या बाजूच्या जगात आला. त्या काळच्या मदीनेत तो असणे शक्यच नव्हते. तो दुब्बा म्हणजे आपला दुधी.

वेल कशी ओळखावी

आता परसात किंवा बांधावर एक अनोळखी वेल उगवली आहे असे धरा. फळ अजून लागलेले नाही. तरी बरेच काही कळते.

पहिली पाहायची गोष्ट तणावा, म्हणजे वेल आधाराला धरते तो स्प्रिंगसारखा दोरा. काकडी-खरबुजाच्या वंशात तो एकेरी असतो, त्याला फाटा फुटत नाही. कलिंगड, दुधी, दोडका, घोसाळे, लाल भोपळा यांच्या तणाव्याला दोन किंवा अधिक फाटे असतात. एवढ्या एका खुणेने अर्धी गर्दी बाजूला होते.

दुसरी गोष्ट फूल. काकडी आणि खरबूज दोघांचे फूल पिवळे. तणावा एकेरी पण फूल पांढरे असेल तर ते बहुधा तोंडले. फूल पिवळे आहे, पण त्याच्या देठावर छोट्या पानासारखे एक छत्र आहे, तर ते कारले किंवा कर्टुले.

तिसरी गोष्ट पान. काकडीचे पान कोनांचे, टोकदार, हाताला खरखरीत. खरबुजाचे पान गोलसर, त्याचे कोपरे बोथट, अंगावर मऊ लव. कलिंगडाचे पान खोल कापलेले असते, ते या दोघांत मिसळत नाही.

चौथी खूण सर्वांत खात्रीची. मादी फुलाच्या खाली नखाएवढे कोवळे फळ असते, ते निरखून पाहा. गावठी काकडीच्या त्या फळावर बारीक फोडांसारखे उंचवटे असतात आणि प्रत्येकावर एक काटा. खरबुजाच्या फळावर, मग ते चिबूड असो, शेंदाड असो की लांब ककडी असो, काटे नसतात, रेशमासारखी लव असते. ककडी काकडीसारखी दिसते, पण तिच्या कोवळ्या फळावरची ही लव तिचे कूळ सांगून जाते.

पाचवी गोष्ट पिकणे. काकडी पिकली की पिवळी, मग तपकिरी होते, पण तिला वास सुटत नाही. खरबूज पिकले की सुवास येतो आणि पुष्कळदा ते देठापासून आपोआप सुटते किंवा तडकते.

ज्यांना आणखी आत जायचे असेल त्यांच्यासाठी एक आकडा. पेशीतील गुणसूत्रे मोजली तर काकडीची १४ आणि खरबुजाची २४ भरतात. म्हणून काकडीच्या फुलावर खरबुजाचा पराग पडला तरी त्यातून बी धरत नाही. दोन वेली शेजारी लावल्याने काकडी गोड होईल किंवा खरबूज पाणचट होईल, ही समजूत चुकीची आहे. शेंदाड, चिबूड, ककडी आणि गोड खरबूज मात्र सगळी २४ची. त्यांचा आपसात सहज संकर होतो. चार्ल्स नोदँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने पॅरिसच्या बागेत देशोदेशीची खरबुजे लावून, त्यांचा संकर करून पाहिला आणि १८५९ साली मांडले की दिसायला ही कितीही वेगळी असली तरी जात एकच आहे. ककडीला आधी स्वतंत्र जात मानले जाई. तीही त्याने खरबुजातच घातली.

थोरामोठ्यांचीही वर्गवारी पुढे बदलते, याचे उदाहरण कडू इंद्रावणाचे आहे. वनस्पतींना आजची दोन शब्दांची नावे देणाऱ्या लिनियसने १७५३ साली इंद्रावण काकडीच्या वंशात बसवले होते. १८३८ साली ते कलिंगडाच्या वंशात हलवले गेले. त्याचे कापलेले पान आणि फाटा फुटलेला तणावा पाहिला की हे पटते.

रानात या वंशाची आणखी भावंडे आहेत. वाटाण्याएवढी लाल फळे येणारी, खरखरीत पानांची एक बारीक वेल कुंपणावर दिसते. तिला काही ठिकाणी चिराटी म्हणतात. पूर्वी तिला वेगळा वंश होता, आता ती क्युक्युमिसमध्येच गणतात. 'क्युक्युमिस रिची' ही तर फक्त सह्याद्रीच्या रांगांत सापडते, जगात इतरत्र नाही. अरबस्तानात आणि पश्चिम भारताच्या कोरड्या भागात 'क्युक्युमिस प्रोफेटारम' ही मऊ काट्यांच्या लहान फळांची वेल वाढते. लॅटिन नावाचा अर्थ 'प्रेषितांची काकडी' असा आहे, पण फळ कडूजहर. पवित्र नाव दिसले म्हणून फळ खाण्याजोगे ठरत नाही.

कडू लागले तर

आता ज्या गोष्टीसाठी हा सगळा खटाटोप केला, ती सांगतो.

या साऱ्या कुळात 'कुकर्बिटासीन' नावाची कडू द्रव्ये असतात. पाने-फळे खाणाऱ्या किड्यांपासून आणि जनावरांपासून वेलीला ती वाचवतात. माणसाने हजारो वर्षे कमी कडू फळांचे बी राखले, तेव्हा कुठे आजची काकडी आणि आजचे खरबूज तयार झाले. रानटी काकडी आजही कडू आहे. २०१४ साली चिनी शास्त्रज्ञांनी काकडीतला हा कडूपणा घडवणारी आणि चालू-बंद करणारी जनुकेही शोधून काढली. लागवडीच्या वेलीतही ती यंत्रणा पूर्ण गेलेली नाही. पाण्याचा ताण पडला, ऊन फार झाले, की चांगल्या वेलीलाही कडू फळ येते.

थोडा कडवटपणा असेल तर तो देठाकडे आणि सालीत जास्त असतो. म्हणून देठाचा तुकडा कापून टाकणे, साल काढणे हे ठीक आहे. पण टोक कापून चोळले, फेस आला, की विष उतरले, ही समजूत सोडून द्यावी. फेस म्हणजे फळाचा चीक. आतला गर कडू असेल तर तो चोळून गोड होत नाही. शिजवूनही ही द्रव्ये जात नाहीत, मीठ-मसाल्याने फक्त जिभेची फसवणूक होते.

ही भीती काल्पनिक नाही. २०१० साली दिल्लीत दुधीचा कडू रस प्यायल्याने एका शास्त्रज्ञाचा मृत्यू झाला. त्यानंतर भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने तज्ज्ञांची समिती नेमली. समितीचा सल्ला साधा होता: रस काढण्याआधी दुधीचा लहान तुकडा चाखा, कडू लागला तर फेकून द्या, आणि रस प्यायल्यावर त्रास झाला तर ताबडतोब रुग्णालयात जा. २०१५ साली जर्मनीतल्या हायडेनहाइम येथे घरच्या बागेतल्या कडू झुकिनीची भाजी खाऊन ७९ वर्षांच्या एका गृहस्थांचा मृत्यू झाला. झुकिनी म्हणजे भोपळ्याच्या वंशातली काकडीसारखी दिसणारी भाजी. तीही याच कुळातली.

उलटी, पोटात मुरडा, जुलाब, कधी उलटीतून रक्त, रक्तदाब घसरणे ही लक्षणे. यावर उतारा म्हणून वेगळे औषध नाही. डॉक्टर सलाइन देऊन आणि रक्तदाब सांभाळून रुग्णाला तारतात. म्हणून घरगुती उपायांत वेळ घालवू नये. खाल्लेल्या फळाचा तुकडा बरोबर न्यावा, म्हणजे डॉक्टरांना निदान सोपे जाते.

कोडोलीसारख्या गावात पावसाळा संपता संपता मुले बांधावर शेंदाड शोधतात. त्यांना मना करू नका, शिकवा. हिरवे, कडक शेंदाड तोंडात घालायचे नाही. पिवळे, मऊ, वास सुटलेले असेल तरच जिभेला लावायचे. कडू लागले की थुंकायचे, चूळ भरायची. लाल, गोल, केशरी पट्ट्यांचे कवंडळ दिसायला कितीही देखणे असले तरी ते खायचे नाही. कोकणात गणपतीच्या माटवीला ते शोभेसाठी टांगतात, ते तेवढ्यापुरतेच. तसेच शिवलिंगीचे, लाल फळावर पांढऱ्या रेघा असलेले. ही दोन्ही काकडीच्या कुळातली असली तरी काकडीच्या वंशातली नाहीत, आणि तणाव्याचे फाटे पाहून मुलेसुद्धा हे ओळखू शकतात.

एक सूचना बहिणींना. इंद्रावण म्हणजे अरबीतले हंजल. कुरआन न वाचणाऱ्या मुनाफिकाला हदीसमध्ये ज्याची उपमा दिली आहे, ते कडू फळ हेच. युनानी वैद्यकात त्याचा गर औषध म्हणून आहे खरा, पण त्याचे प्रमाण जाणकार हकीम ठरवतो. बद्धकोष्ठावर किंवा मधुमेहावर कोणी सांगितले म्हणून ते घरी घेऊ नये. गर्भवती स्त्रीने तर मुळीच नाही.

बी राखणाऱ्यांसाठी

कडूपणाचा बियांशीही संबंध आहे, आणि तो पुष्कळांच्या लक्षात येत नाही.

तुमच्या परसात चांगला चिबूड आहे आणि पलीकडच्या बांधावर शेंदाड. मधमाशी शेंदाडाचा पराग चिबडाच्या फुलावर आणून टाकते. या वर्षीचा चिबूड जसा आहे तसाच लागेल, कारण फळाचा गर आईवेलीचा असतो. फरक पडतो तो आतल्या बियांत. ते बी पुढच्या वर्षी लावले तर येणाऱ्या वेलीत रानाचे रक्त मिसळलेले असते, आणि कडूपणा हा गुण असा आहे की तो आई-बापांपैकी एकाकडून आला तरी वर येतो. 'बी आमचेच, तरी फळ कडू कसे निघाले?' या प्रश्नाचे एक उत्तर हे आहे. म्हणून राखलेल्या बियांच्या वेलीचे पहिले फळ चाखल्याशिवाय घरात शिजवू नये.

बी शुद्ध ठेवायचे असेल तर उपाय सोपा आहे. दुसऱ्या दिवशी उमलणारी, टोकाला पिवळी झालेली एक नर कळी आणि एक मादी कळी संध्याकाळी दोऱ्याने हलकेच बांधून ठेवा. सकाळी नर फूल तोडून पाकळ्या काढा आणि त्याचा पराग मादी फुलाच्या मध्यावर लावा. मादी फूल पुन्हा बांधा आणि देठाला रंगीत धागा बांधून खूण करा. ते फळ वेलीवर पूर्ण पिकू द्या, काकडी असेल तर पिवळी-तपकिरी होईपर्यंत. बी गरासकट एक-दोन दिवस भांड्यात ठेवा, मग धुवा. जे तळाशी बसते ते भरलेले बी. ते सावलीत वाळवून, नाव आणि साल लिहून कोरड्या बरणीत ठेवा. कंपनीच्या संकरित बियांचे फळ मात्र राखून उपयोग नाही, पुढच्या पिढीत ते मूळ गुणांवर राहत नाही.

शेतकऱ्याला स्वतःचे बी राखण्याचा, पेरण्याचा आणि देण्याघेण्याचा हक्क २००१ च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने दिलेला आहे. ब्रँडच्या नावाने मात्र ते विकता येत नाही.

हे बी गेले तर

एवढ्याशा शेंदाडासाठी इतका आटापिटा कशाला, असे कोणी विचारील.

१९२०च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या इंपीरियल खोऱ्यात खरबुजाच्या मळ्यांवर भुरी पसरली. तिथल्या कोणत्याच वाणाचा टिकाव लागेना. शेवटी हिंदुस्थानातून नेलेल्या खरबुजाच्या बियांत भुरीला दाद न देणारी वेल सापडली. तिच्याशी संकर करून १९३०च्या दशकात 'पीएमआर ४५' हे वाण काढले गेले आणि तिथली शेती सावरली. पुढे केवड्याला तोंड देणारी अमेरिकन काकडीही भारतातून नेलेल्या बियांच्या आधाराने तयार झाली. भुरी आणि केवडा यांनी आपल्याकडच्या शेतकऱ्याचे किती नुकसान होते, ते वेगळे सांगायला नको. त्यावरचा उतारा आपल्याच बांधावर उगवत होता.

२०१८ सालच्या एका अभ्यासात शास्त्रज्ञांनी खरबुजाच्या अनेक वाणांची आणि रानटी वेलींची जनुके तपासली. त्यात असे दिसले की खरबूज दोनदा माणसाळवले गेले, एकदा आफ्रिकेत आणि एकदा आशियात. आज जगभर खाल्ली जाणारी बहुतेक खरबुजे आशियाई शाखेची आहेत. त्याच अभ्यासात खरबुजाची एक जवळची रानटी बहीणही भारतातच मिळाली.

आमच्या खोऱ्यात मात्र उसाच्या सरीवर तणनाशक फिरते, त्यात शेंदाडही तण म्हणून जाते. ज्वारी-बाजरीच्या ओळींत घरच्यापुरते काकडी-वाळकाचे बी टोकण्याची रीत ज्वारी-बाजरीबरोबरच मागे पडली. जिल्ह्यात काय काय उगवते त्याची नोंद झालेली आहे. शिवाजी विद्यापीठाने २००२ साली एस. आर. यादव आणि एम. एम. सरदेसाई यांचा कोल्हापूर जिल्ह्याच्या वनस्पतींवरचा ग्रंथ प्रसिद्ध केला. बी जतन करण्याचे काम दिल्लीचे राष्ट्रीय वनस्पती अनुवंशिक संसाधन ब्यूरो करते, त्याचे एक केंद्र अकोल्याला आहे. पण कुठल्या घरी कोणते वाळूक लावतात, ते कशात घालतात, कडू निघते की नाही, हे ग्रंथात नसते. ते नानी-दादीच्या तोंडी असते, आणि तिच्याबरोबर जाते.

म्हणून या पावसाळ्यात एवढे करा. घरातल्या थोरल्यांना विचारून काकडी-खरबुजाच्या ज्या ज्या वेली त्यांनी पाहिल्या, त्यांची नावे लिहून काढा. नावापुढे तणावा, पान, फूल, कोवळ्या फळावर काटे की लव, आणि पिकल्यावरचा वास, या पाच खुणा मुलांकडून भरून घ्या. तुमच्या गावात वाळूक म्हणजे नेमके काय, हे आम्हाला कळवा. पुढील अंकांत, इन्शाअल्लाह, गावागावांची नावे एकत्र छापू. आणि काकडी चिरताना पहिली चकती आधी स्वतः चाखा, मग ताटात वाढा.